गेमिंगचा पीसी: आता बदलू, की नाताळचे पाहुणे जाईपर्यंत थांबू?

तिरफळ (३० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०)

मंडळी, प्रश्न जुनाच आहे, पण माझ्यापुरता नवा.

मालवणजवळ घर. खाली दोन खोल्यांचा होमस्टे, वर माझी खोली, आणि खोलीत २०१९ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटा-सुटा पिशवीत घालून आणलेला पीसी. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (६ जीबीवालं), ४५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), मॉनिटर १०८०पी. सहा वर्षं तक्रार नाही. आता मात्र नवीन गेम लावला की अडखळतो. आकडा सेकंदाला चाळीस-पंचेचाळीस फ्रेमचा दिसतो, पण मध्येच अर्धा सेकंद चित्र गोठतं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी मला मारून पुढे गेलेलं असतं.

आज हातात पंधरा हजार आहेत. नाताळ आणि थर्टीफर्स्टचे पाहुणे येऊन गेले की चाळीसपर्यंत जाईन. तेव्हा अख्खाच नवा घ्यावा, की आहे त्यातलं एकेक बदलावं? आत्ता, की जानेवारीत?

बाबांचं मत असं की त्या पैशांत मागच्या पडवीचे पत्रे होतात. 'कन्सोल घे' असा सल्ला कृपया देऊ नये. बाबा हा धागा वाचतात.

चाकरमानी (३० नोव्हेंबर, रात्री ११:५२)

कन्सोल घे.

तिरफळ (३० नोव्हेंबर, रात्री ११:५३)

धन्यवाद. झोपा आता, सकाळची लोकल आहे.

सोलकढी_बर्फ_घालून (१ डिसेंबर, सकाळी ८:१५)

खरेदीचं बोलण्याआधी मोजमाप कर. नाहीतर ताप कशाने आलाय ते न बघता इंजेक्शन घेतल्यासारखं होईल.

गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर टाक (आफ्टरबर्नर फुकट आहे) आणि चार गोष्टी लिहून काढ: कार्डाचा वापर किती टक्के, कार्डाचं तापमान, प्रोसेसरचा एकेका कोअरचा वापर, आणि रॅम किती भरली.

कार्ड सतत ९७-९९ टक्के असेल तर अडचण कार्डाची. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर लोळतंय आणि फ्रेम तरी वाढत नाहीत, तर प्रोसेसर मागे पडतोय. इथे बरेच जण फसतात. टास्क मॅनेजर प्रोसेसर ५५ टक्के दाखवतो आणि माणूस म्हणतो, अजून अर्धा रिकामा आहे की! पण तो प्रोसेसरच्या बारा धाग्यांचा (थ्रेड्सचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) सरासरी आकडा. त्यातला एक धागा शंभरावर अडकलेला असला तर बाकीचे अकरा नुसते उभे राहून बघतात. गावच्या रस्त्याच्या कामासारखं, एक खणतो.

अजून सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन ७२०पी कर आणि बघ. फ्रेम धडाधड वाढल्या तर दोष कार्डाचा. जागच्या हलल्याच नाहीत तर प्रोसेसरचा किंवा रॅमचा.

आणि ८ जीबी रॅम एकच स्टिक आहे की चार-चारच्या दोन, ते लिहिलंच नाहीस.

कोलंबीभात (१ डिसेंबर, सकाळी ९:०२)

मी पण अपग्रेड करणार आहे. जीटीए ६ गेम येतोय ना!

चाकरमानी (१ डिसेंबर, सकाळी ९:१०)

@कोलंबीभात, तो १९ नोव्हेंबर २०२६ ला येतोय आणि जाहीर झालाय फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीवर कधी, ते सांगितलेलंच नाही. लग्न ठरायच्या आधी मांडव घालू नकोस.

म्हणून म्हणतो, कन्सोल घे.

कातळसडा (१ डिसेंबर, दुपारी २:३०)

सगळे प्रोसेसर आणि कार्डावर तुटून पडलेत. मी रत्नागिरीत पंचवीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे: तिरफळ, पीसी चालू असताना अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावलंस तर झिणझिण्या येतात का?

येत असतील तर तुझ्या घरात प्लगची तिसरी पिन हवेत आहे. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही आणि पत्र्याच्या कॅबिनेटवर शंभरेक व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, माणूस मरत नाही. पण तू मॉनिटरची केबल लावायला गेलास आणि ठिणगी उडाली की कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं. मग लोक म्हणतात, कार्डच खराब निघालं.

आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. पावसात ठीक असतं, एप्रिल-मेमध्ये सडा सुकला की नुसती नावाला सळी. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घे. दोन-तीन व्होल्ट असेल तर बरं. वीस-तीस दिसलं तर चाळीस हजारांचं कार्ड लावायच्या आधी दोन हजारांचा खड्डा मार.

दुसरं, विजा. ऑक्टोबरात आणि मेच्या शेवटी गडगडायला लागलं की स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नकोस. प्लग काढ, आणि प्लगबरोबर लॅनची केबलही काढ. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही हे खरं. पण फायबरच्या त्या डब्याला अडॅप्टर आहे, आणि डब्यापासून पीसीपर्यंत तांब्याची वायर आहे. माझ्या स्वतःच्या घरी एका संध्याकाळी डबा, मदरबोर्डचं लॅन पोर्ट आणि टीव्ही एका दमात गेले. प्लग काढलेले होते. केबल राहिली होती.

झावळी (१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४८)

माझी पण आठवण. तौक्ते वादळात (मे २०२१) आमच्याकडे आठवड्याच्या वर लाईट नव्हती. लाईट आली ती अशी आली की फ्रिज, पंप आणि माझा एसएमपीएस एकत्रच गेले. तेव्हापासून लाईट आल्यावर दहा मिनिटं मी काहीच लावत नाही. आई म्हणते, तेवढ्यात गोळीबार चुकला तर चुकू दे.

नारळीपोफळी (१ डिसेंबर, रात्री ९:२०)

मी गेम खेळत नाही, पण घरात खेळणारा आहे म्हणून वाचते. आम्ही देवगडला. मुलगा बारावीला. त्याचा पीसी २०१७ चा, रायझन ३ १२०० आणि १०५० टीआय कार्ड. ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून विंडोज ११ टाकायला गेलो, तर तुमचा प्रोसेसर यादीत नाही म्हणाला. तो म्हणतो नवीन घ्यावाच लागेल. मला खात्री नाही की खरंच लागेल, की मला बनवतोय. तिरफळ यांच्या धाग्यात घुसल्याबद्दल माफी.

सोलकढी_बर्फ_घालून (१ डिसेंबर, रात्री ९:४१)

@नारळीपोफळी ताई, अर्धं खरं आहे. रायझनची पहिली पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही, २००० मालिकेपासून पुढची बहुतेक आहे. म्हणजे प्रोसेसर बदलावा लागेल, पीसी नाही. बोर्डाचं सॉकेट तेच, एएम४. त्यात जुना २६०० सुद्धा बसेल, फक्त बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आहे का बघायचं आणि बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) चालू करायचं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट गेमला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतं, तो तेच खेळत असणार.

आणि घाई नको. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. बारावी होऊ दे.

नारळीपोफळी (१ डिसेंबर, रात्री ९:५५)

व्हॅलोरंटच. म्हणजे बनवत होता.

तिरफळ (२ डिसेंबर, रात्री ११:१०)

मोजलं.

कार्ड ९९ टक्के, तापमान ८४ अंश, पंखा विमानासारखा. प्रोसेसर बरा, एखादा धागा नव्वदच्या वर जातो. पण रॅम ८ पैकी ७.६ जीबी भरलेली, आणि चित्र गोठतं त्याच क्षणी डिस्कचा आलेख शंभरावर उडी मारतो. आणि हो, ८ ची एकच स्टिक. २०१९ ला दुकानदार म्हणाला होता, "नंतर दुसरी टाका." ते 'नंतर' राहूनच गेलं.

कातळसडा काका, झिणझिण्या येतात. मला वाटायचं सगळ्यांनाच येतात.

कातळसडा (२ डिसेंबर, रात्री ११:१५)

काका नको म्हणूस. उद्या वायरमन बोलाव.

सोलकढी_बर्फ_घालून (३ डिसेंबर, सकाळी ८:३०)

निदान झालं की! गोठणं रॅमचं आहे. रॅम संपली की विंडोज डिस्कवर सामान टाकतं आणि परत आणतं, त्या खेपेत तुझा अर्धा सेकंद जातो. शिवाय एकच स्टिक म्हणजे एकच चॅनेल (ये-जा करायला एकच वाट), आणि रायझनला ते फार जाचतं. त्याच वेगाची दुसरी ८ ची स्टिक टाक, मधलं एक खण सोडून (बोर्डाच्या पुस्तकात कुठली दोन ते लिहिलंय), आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघ. निम्म्या लोकांचं बंदच असतं, ३००० ची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर चालवतात.

कार्ड ८४ अंशांवर आहे कारण सहा वर्षांत चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून खपली झाली असेल. उघडून साफ कर, नवीन पेस्ट लाव. फुकटात दहा अंश उतरतील.

रापण (३ डिसेंबर, सकाळी १०:०५)

मी थोडं वेगळं बोलतो. माझ्याकडे अजून त्याहून जुना पीसी आहे आणि मला कसलीच घाई नाही. लोक अपग्रेड करतात ते गेम चालत नाही म्हणून नाही, यूट्यूबवर कोणीतरी 'अल्ट्रा' सेटिंगवर चालवताना बघितला म्हणून. मी दोन-तीन वर्षं जुने गेम घेतो. तोपर्यंत त्यातले किडे मारून झालेले असतात, किंमत पाव झालेली असते आणि माझ्या कार्डावर लोण्यासारखे चालतात. बांगडा सस्ता झाला की खावा, पहिल्या टोपलीच्या मागे धावू नये.

सोलकढी_बर्फ_घालून (३ डिसेंबर, सकाळी १०:४०)

बांगडा शिळा झाला की खातोस का? :)

मुद्दा पटतो, पण १०६० च्या बाबतीत दोन गोष्टी आहेत. एक, एनव्हिडियाने १० मालिकेला नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर गेल्या ऑक्टोबरनंतर थांबवले, आता २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेचे. दोन, काही नवे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावलीच्या हिशोबाचं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत. मेमध्ये आलेला डूम: द डार्क एजेस घे. तिथे सेटिंग खाली करून भागत नाही, गेम उघडतच नाही. तुझी 'दोन वर्षांनी घेईन'वाली टोपली पण आता तसल्या बांगड्यांनी भरत जाणार.

रापण (३ डिसेंबर, सकाळी ११:००)

तोवर मीच रिटायर होईन. पण ड्रायव्हरचं माहीत नव्हतं.

चाकरमानी (४ डिसेंबर, दुपारी १:२०)

तिरफळ्या, मस्करी बाजूला. बातमी बघितलीस का? मायक्रॉनने काल जाहीर केलं, क्रुशियल ब्रँडची ग्राहकांसाठीची रॅम आणि एसएसडी बंद. फेब्रुवारीपर्यंत माल पाठवतील, मग नाही. कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय, तिथे पैसे जास्त.

मी ऑफिसमधून परत येताना ग्रँट रोडला उतरून चक्कर मारली. नव्या पिढीच्या डीडीआर५ रॅमचा भाव ऐकून दुकानदारालाच लाज वाटत होती. डीडीआर४ पण चढतेय. उन्हाळ्यात हजार-बाराशेला सेकंडहँड मिळाली असती ती ८ ची स्टिक, आज अडीच हजार. पुढच्या आठवड्यात किती, ते कोणी सांगत नाही.

एरवी मी म्हणालो असतो थांब, पुढची पिढी येते, जुनी उतरते. रॅमच्या बाबतीत मात्र आज ते लागू नाही. आणि 'अख्खा नवा' विसरच. नवा म्हणजे एएम५ सॉकेट, एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५, आणि तिथेच तुझे चाळीस हजार दाढीमिशीसकट भादरले जातील. तुझा जुना बोर्ड आणि जुनी डीडीआर४ हीच आज तुझी इस्टेट आहे.

झावळी (४ डिसेंबर, दुपारी २:०५)

असा आसा तर गाऱ्हाणा घालूकच व्हया.

बा देवा महाराजा, बारा गावच्या, बारा वाडीच्या, बारा राठीच्या महाराजा!
व्हय महाराजा!
आज ह्यो जो तुझो झील लॅमिंग्टन रोडाचो इचार करता हा, तेका बरा कार्ड गावांदे रे महाराजा!
व्हय महाराजा!
डब्यार आठ जीबी आणि आत चार जीबी असा जर कोणी केला असात, तर तेचा तोंड वाकडा कर रे महाराजा!
व्हय महाराजा!
बायोस मारताना लाईट जावची नाय, रॅमचो भाव खाली येवंदे, आणि बापाशीक पडवीचे पत्रे आठवाचे नाय असा कर रे महाराजा!
व्हय महाराजा!

तिरफळ (४ डिसेंबर, दुपारी २:३०)

बाबांनी वाचलं. शेवटच्या ओळीला 'व्हय महाराजा' म्हणाले नाहीत.

वाशिष्ठीकाठ (४ डिसेंबर, रात्री ८:५०)

सेकंडहँडचा विषय निघाला म्हणून लिहितो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा माझा पीसी टेबलाखाली होता. टेबलावर ठेवला असता तरी काय, पाणी पंख्यापर्यंत होतं. गाळ धुऊन, उन्हात वाळवून, कार्ड एका मित्राकडे लावलं तर चक्क चालू झालं. दीड महिना चाललं. मग एक दिवस चित्रावर हिरव्या चौकटी आणि संपलं. आतून पायांना गंज चढत गेला होता.

तेव्हा एका दुकानात मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, अशीच धुतलेली कार्डं नव्या पेस्टने चमकवून विकायला ठेवलेली. पूर जाऊन चार वर्षं झाली, पण ती कार्डं कुठेतरी फिरत असतीलच. सेकंडहँड घेताना स्क्रूंच्या डोक्यांकडे बघ. हिरवट-पांढरा थर दिसला, पट्टीच्या खाचेत माती दिसली, की हात जोडून निघ. त्यापेक्षा क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं कार्ड बरं. त्याचे पंखे जातात, पण ते बदलता येतात.

खरं तर आपल्या किनाऱ्यावर नव्यालाही गंज लागतो. माझा अनुभव: रोज चालणारा पीसी टिकतो, बंद घरातला पावसाळ्यात मरतो. आतली ऊब ओल बसू देत नाही. मुंबईला जाणार असाल तर गावचा पीसी बरोबर न्या, नाहीतर कोणालातरी आठवड्याला दोन तास लावायला सांगा.

कोलंबीभात (४ डिसेंबर, रात्री ९:१०)

आठवड्याला दोन तास लावायला मी तयार आहे. चावी कुणाकडे?

आडवाट (५ डिसेंबर, सकाळी ७:५५)

कार्डाबद्दल दोन शब्द, कारण ते कोणी नीट सांगितलं नाही.

बी४५० ला पीसीआयई ३.० आहे, म्हणजे कार्ड बसतं ती जोडणी जुन्या पिढीची. आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॉट) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी, ११५ वॉट) दोन्ही आठ लेनची कार्डं, जुन्या बोर्डावर किंचित कमी पळतात, पण चालतात. ६६०० ला ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरतो. १०६० स्वतः १२० वॉटचं आहे, म्हणजे फार फरक नाही. दुकानदार ६५०० एक्सटी गळ्यात मारायला बघेल, स्वस्त आहे म्हणून. ते घेऊ नकोस. चार जीबी आणि फक्त चार लेन, तुझ्या बोर्डावर ते गुदमरतं.

मी स्वतः ४०६० च्या बाजूने आहे, डीएलएसएससाठी (फ्रेम वाढवायची एनव्हिडियाची युक्ती).

सोलकढी_बर्फ_घालून (५ डिसेंबर, सकाळी ८:२०)

मी ६६०० च्या. वाचलेल्या पैशांत ५६०० प्रोसेसर येतो. आता यावर भांडण नको, मागच्या वेळी धागा बंद करावा लागला होता.

आडवाट (५ डिसेंबर, सकाळी ८:२२)

मागच्या वेळी बरोबर मीच होतो. एवढंच बोलतो.

कातळसडा (५ डिसेंबर, दुपारी ३:००)

तिरफळ, घरात इन्व्हर्टर आहे असं धरून चालतो, पाहुणे ठेवतोस म्हणजे असणारच. मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला 'यूपीएस'. तो तिकडे कर. दुसऱ्या बाजूला असला की लाईट गेल्यावर पलटायला इतका वेळ घेतो की पंख्याला कळत नाही पण पीसी बंद होतो. एसएमपीएस वीज गेल्यावर फार तर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो.

आणि इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर पीसी त्यावर नको. चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात. त्यापेक्षा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घे. त्यावर साधारण ३६० वॉट जातात, तुझा पीसी गेम खेळताना अडीचशेच्या आसपास खाईल. खेळायला नाही, सेव्ह करून बंद करायला पाच मिनिटं पुरे.

चाकरमानी (६ डिसेंबर, सकाळी ११:३०)

गावच्या दहिकाल्याला येतोय, १३ तारखेला तुतारी एक्स्प्रेसने. लॅमिंग्टन रोडला शुक्रवारी जाईन (रविवारी निम्मी दुकानं बंद, हे मुंबईबाहेरच्यांनी लक्षात ठेवावं). काय आणू ते सांग. कुडाळ स्टेशनवर हातात देतो. बदल्यात तिरफळं घातलेला बांगडा.

तिरफळ (६ डिसेंबर, दुपारी १२:१०)

रॅमची ८ ची स्टिक आणि ५६००, डबाबंद, बिलासकट. कार्ड नको अजून. बांगडा पक्का.

नारळीपोफळी (६ डिसेंबर, दुपारी १२:४५)

५६०० लागला की २६०० चं काय करणार?

तिरफळ (६ डिसेंबर, दुपारी १२:५०)

ताई, थांबा जरा. आधी माझा तरी लागू दे.

तिरफळ (११ जानेवारी २०२६, रात्री १०:२०)

महिनाभर पाहुण्यांत पार बुडालो होतो, म्हणून उशीर. काय झालं ते लिहितो.

अर्थिंग. वायरमनने खड्डा शोधला तर खड्डाच नव्हता. मीटरच्या बोर्डाखालून हिरवी वायर भिंतीत जाते आणि गिलाव्यात संपते. नवीन खड्डा मारला. बाबांनी त्याचे पैसे स्वतःहून दिले, कारण गिझरच्या नळालाही झिणझिण्या यायच्या आणि तोवर ते कोणी बोललंच नव्हतं.

साफसफाई. कार्ड उघडलं. पट्ट्यांच्या मध्ये कापसासारखा थर, आणि त्यात पालीचं एक पिल्लू, वाळून कागद झालेलं, शेपटीसकट. पेस्टची खरोखर खपली. खरवडून नवी लावली. तेच कार्ड, तोच गेम, ८४ वरून ७१ अंश. पंखा आता ऐकू येत नाही, समुद्र येतो. रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने घासले, रबर काळं झालं.

रॅम लावली त्याच रात्री गोठणं बंद. एक्सएमपी बंदच होतं, सोलकढी म्हणाला तसं.

बायोस. ५६०० साठी तो अपडेट करायचा होता. इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर केला, पाहुण्यांना गिझर लावू नका म्हणून सांगितलं, आणि रात्री दोनला बसलो. तीन मिनिटं ती पट्टी सरकत होती. मी पंख्याच्या रेग्युलेटरलाही हात लावला नाही. लाईट गेली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दिवसभर नव्हती.

आता चूक. प्रोसेसर काढताना कूलर सरळ वर ओढला. डिसेंबरातली पहाट, पेस्ट थंड, आणि कूलरबरोबर २६०० सॉकेटमधून उपटून हातात आला. पाय खाली. तीन पाय (पिना) वाकडे. पेन्सिलीतलं ०.५ चं शिसं काढून त्या नळीत एकेक पाय घालून सरळ केला, अर्धा तास श्वास रोखून. परत बसवून बघितला, चालू झाला, रात्रभर चालवला. ज्यांना करायचंय त्यांनी आधी अर्धा तास गेम खेळून पेस्ट गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. हे मला आडवाटने नंतर फोनवर सांगितलं.

५६०० लागला. जुन्या कार्डावर सरासरी फार वाढली नाही, पण खाली पडणारे आकडे पडायचे थांबले. मला तेच हवं होतं हे आता कळतंय. खर्च रॅम आणि प्रोसेसर मिळून साडेतेरा हजार.

आडवाट (११ जानेवारी, रात्री १०:३५)

आणि कार्ड?

तिरफळ (११ जानेवारी, रात्री १०:४१)

थर्टीफर्स्टचे पैसे आले. पडवीचे पत्रे उद्यापासून सुरू. कार्ड मे महिन्याच्या सीझननंतर बघू. तोवर तुझं आणि सोलकढीचं ४०६०-६६०० मिटलं तर कळवा.

रापण (११ जानेवारी, रात्री १०:५०)

बांगडा. सस्ता. म्हटलं होतं.

चाकरमानी (११ जानेवारी, रात्री ११:०५)

माझा बांगडा मात्र राहिला. दहिकाल्याला सुरमई खायला घातली आणि विषय बदलला.

नारळीपोफळी (१२ जानेवारी, सकाळी ७:३०)

तिरफळ, आता लागला ना? २६०० द्यायचा असेल तर मी घेते. वाकलेले पाय चालतील. फक्त बारावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत मुलाला कळता कामा नये, तो इथलं वाचतो का माहीत नाही.

तिरफळ (१२ जानेवारी, सकाळी ८:०२)

ताई, दीड हजारात घ्या, पाय वाकलेले म्हणून. कुरिअर नको, परत वाकतील. पुढच्या आठवड्यात पत्र्याचे स्क्रू आणायला कणकवलीला येतोय, स्टँडवर हातात देतो. मूळ डबा आहे.

देवगडचा_हेडशॉट (१२ जानेवारी, सकाळी ८:१५)

आई, मी वाचतो.